पावसाळ्यात सायकल पुन्हा पुन्हा का घसरते? नागपुरातील रोजच्या प्रवासासाठी टायरची निवड

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की नागपुरात रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. वळणावर सायकल बाजूला सरकते, चौकात ब्रेक दाबताच मागचे चाक फेकले जाते, आणि एकदा अशी धास्ती बसली की पुढचे तीन महिने माणूस हँडल आवळून, अंग आखडून सायकल चालवतो. यावरचा उपायही ठरलेला असतो. दुकानात जाऊन खोल नक्षीचा, ठसठशीत दिसणारा टायर घ्यायचा, तो मागच्या चाकावर चढवायचा आणि हवा टणक भरून घ्यायची. थोडे दिवस बरे वाटते, मग सायकल पुन्हा घसरते आणि पुढच्या जूनमध्ये हाच क्रम पहिल्यापासून सुरू होतो. नक्षी पाहून केलेली निवड, मागच्या चाकाला दिलेला पहिला मान आणि टणक हवा, या तिन्ही गोष्टी ओल्या रस्त्यावरील पकडीच्या दृष्टीने उलट्या आहेत. पैसे खर्च होऊनही तक्रार मिटत नाही, ती यामुळे.

नेमके काय घसरते, ते आधी ठरवावे

“सायकल घसरते” या एका वाक्यात किमान तीन वेगवेगळे दोष दडलेले असतात आणि त्यांतील एकाचा टायरशी काडीचाही संबंध नसतो. ब्रेक दाबल्यावर चाक फिरतच राहिले आणि सायकल ठरलेल्या जागेच्या पुढे गेली, तर तो ब्रेकचा दोष आहे. चाक जागच्या जागी थांबले आणि तरीही सायकल पुढे सरकत गेली, तरच टायरची पकड सुटली असे म्हणता येते. साध्या अठ्ठावीसच्या सायकलींना अजूनही चकचकीत मुलामा दिलेल्या लोखंडी रिम असतात. अशा रिमवर पाणी पसरले की ब्रेकचे रबर तिच्यावर नुसतेच सरकते, आणि चाकाच्या काही फेऱ्यांत पाणी पुसले गेल्यावर ब्रेक लागला तरी कोरड्या दिवसासारखा लागत नाही. अशा सायकलीला जगातला उत्तम टायर चढवला तरी थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. तेथे ब्रेकचे रबर बदलणे, जमल्यास ॲल्युमिनियमची रिम बसवून घेणे आणि थांबायचे असेल त्याच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकासा टेकवून रिम पुसून घेणे, हाच उपाय आहे. डिस्क ब्रेकच्या सायकलींची गोष्ट नेमकी उलटी असते. त्यांचा ब्रेक पावसातही जोरात लागतो, त्यामुळे चाक चटकन अडकते आणि टायरच्या मर्यादा लगेच उघड्या पडतात.

दुसरा प्रश्न कोणते चाक घसरते हा आहे. ब्रेक लावल्यावर वजन पुढे झुकते, मागचे चाक हलके होते आणि सहज अडकून घसरते. परंतु हँडल सरळ असेल आणि ब्रेक लगेच सैल केला, तर सायकल बहुतेक वेळा सावरते. पुढचे चाक वळणात सरकले, तर सावरायला वेळच मिळत नाही. चालवणारा खांद्यावर किंवा कोपरावर आपटतो आणि काय झाले हे त्याला रस्त्यावर बसल्यावर कळते. म्हणूनच मागचे चाक घसरल्याच्या तक्रारी जास्त ऐकू येतात आणि पुढचे चाक घसरल्याच्या जखमा जास्त दिसतात.

आमच्या वसाहतीतील एका शिक्षिकाबाईंची सायकल शाळेजवळच्या एकाच वळणावर घसरत असे. मागचा टायर नवा घालूनही फरक पडला नव्हता. सायकल पाहिली, तेव्हा पुढचा टायर सायकल घेतली तेव्हाचाच होता. त्यावरची नक्षी जवळजवळ नवीसारखी असल्याने तो बदलण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. त्याची कड दोन बोटांत धरून दुमडली, तेव्हा बाजूच्या रबरात केसासारख्या बारीक आडव्या भेगा उघडल्या. नखाने दाबल्यावर मधल्या पट्ट्यावर ठसाच उमटेना, आणि हवेचा दाब ७५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे पंपावर दिसणारे एकक) निघाला. दुखणे त्या भेगांत आणि त्या दाबात होते.

नक्षीचा गैरसमज

सायकलीच्या टायरला खोल चर हवेत, म्हणजे पाणी त्यांतून निघून जाईल, ही समजूत चारचाकीवरून आलेली आहे. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट असतो, त्यातील हवेचा दाब ३०-३५ पीएसआय असतो आणि वेग जास्त असतो, त्यामुळे त्याच्याखाली पाण्याची पाचर शिरून तो रस्त्यावरून उचलला जाऊ शकतो. विमानांच्या चाकांबाबत हाच प्रश्न नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात अभ्यासला. पाण्यावर तरंगण्याचा वेग मुख्यतः टायरमधील दाबावर अवलंबून असतो, असे त्यातून निघालेले सूत्र सांगते. किलोमीटरच्या हिशेबात पीएसआयमधील दाबाच्या वर्गमुळाला साधारण १६.७ ने गुणायचे. सायकलच्या टायरमध्ये ५० पीएसआय हवा असेल, तर हा वेग ताशी ११८ किलोमीटरच्या आसपास येतो आणि ३५ पीएसआय असली तरी १०० च्या जवळपास राहतो. त्यात सायकलचा टायर अरुंद आणि गोल असल्यामुळे पाणी आपोआप दोन्ही बाजूंना ढकलले जाते. ताशी १५-२० किलोमीटर वेगाने शंकर नगर चौकातून रामदासपेठेकडे जाणाऱ्या माणसाला या तरंगण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मग नक्षी करते काय? डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर ती बहुतांशी शोभेची असते, आणि मोठ्या ठोकळ्यांच्या टायरवर तर ती अपायकारक ठरते. डोंगरवाटांसाठी केलेल्या अशा टायरवर रस्त्याला टेकतात ते फक्त ठोकळ्यांचे माथे. मधल्या खाचांतील रबर रस्त्याला लागतच नाही. शिवाय वळताना हे ठोकळे एका बाजूला वाकतात आणि सायकल आधी डगमगते, मग एकदम सरकते. ओल्या डांबरावर पकड देते ती रस्त्याच्या खडीत शिरणारी रबराची सलग पृष्ठभूमी. म्हणून पक्क्या रस्त्यांवरूनच येणे-जाणे असेल, तर मधोमध जवळजवळ गुळगुळीत आणि फक्त बारीक रेघा असलेला टायर घ्यावा. दुकानदार त्याला हटकून “उन्हाळ्याचा” म्हणेल. त्याच्याशी वाद न घालता टायर घ्यावा.

या नियमाला नागपुरात एक मोठा अपवाद आहे, तो काळ्या मातीचा. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा या बाजूंच्या नव्या लेआउटमधून निघणाऱ्या अनेकांना मुख्य रस्त्यावर येईपर्यंत काही अंतर कच्च्या वाटेने यावे लागते, आणि विदर्भातील काळी माती भिजली की काय होते, हे येथल्या माणसाला सांगायला नको. तेथे गुळगुळीत टायर हतबल होतो. परंतु ठोकळ्यांचा टायरही तेथे फारसा विजयी होत नाही, कारण चिकट माती खाचांत भरून बसते आणि मडगार्डमध्ये अडकून चाकच थांबवते. अशांसाठी मध्यभागी सलग पट्टा आणि फक्त कडांना बसके, छोटे ठोकळे असलेला टायर ही बरी तडजोड आहे. त्याबरोबर मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोटभर तरी मोकळी जागा राहील असे पाहावे. पक्क्या रस्त्यावर मात्र अशा टायरवर फार झुकून वळू नये, कारण झुकल्यावर रस्त्याला टेकतात ते कडांचे ठोकळेच. कच्ची वाट शंभर-दोनशे मीटरच असेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की तेवढ्यासाठी उरलेल्या सात-आठ किलोमीटरांची पकड घालवू नये. उतरून सायकल हाताने न्यावी.

रबर हीच खरी बाब

कोरड्या रस्त्यावर रबर दोन प्रकारे पकड देते. एक, ते रस्त्याला प्रत्यक्ष चिकटते. दुसरे, रस्त्याच्या बारीक खडबडीतपणावर ते दबते आणि सुटताना दबण्यासाठी लागलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, त्यामुळे सरकण्याला विरोध होतो. पाण्याचा पातळ थर मधे आला की पहिला प्रकार बराच क्षीण होतो आणि सगळी भिस्त दुसऱ्यावर येते. म्हणजेच ओल्या रस्त्यासाठी असे रबर हवे, जे मऊ आहे, लवकर दबते आणि आळसाने पूर्ववत होते. अशा रबरात बहुधा सिलिका मिसळलेली असते, कारण तिच्यामुळे ओल्या रस्त्यावरील पकड सुधारते. कॉन्टिनेन्टल या जर्मन कंपनीचे ब्लॅकचिली किंवा श्वाल्बेचे ॲडिक्स ही याच हेतूने बनवलेल्या मिश्रणांची नावे आहेत. लुधियानाच्या रॅल्सन व मेट्रो किंवा हैदराबादच्या हार्टेक्स यांचे टायर आपल्याकडे सहज मिळतात, पण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या टायरांचे रबर वेगळे असू शकते. त्यामुळे केवळ नावावर न जाता टायर हातात घेऊन, दाबून, दुमडून पाहणेच योग्य.

येथे नागपूरचा उन्हाळा आड येतो. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी रबर कडक होते व चिरते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात टिनाच्या शेडखाली उभ्या असलेल्या सायकलीचे टायर या तिन्हींचा मारा सोसत असतात. कपाटात राहिलेले जुने खोडरबर जसे कागदावर नुसते सरकते आणि अक्षर पुसत नाही, तसे या टायरचे होते. झीज दिसत नाही, नक्षी शाबूत असते, पण रबर मेलेले असते. उन्हाळाभर कोरड्या रस्त्यावर हा दोष लपून राहतो आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला की अचानक उघडा पडतो. तक्रार दरवर्षी त्याच सुमारास का परतते, याचे हे मुख्य उत्तर आहे. यावर फार काही करता येत नाही, पण सायकल सावलीत उभी करणे आणि मे महिन्यात बंद राहणार असेल तर घरात घेणे, एवढ्यानेही टायरचे आयुष्य वाढते.

दुकानातील नवा टायरही तपासूनच घ्यावा. चारचाकीच्या टायरवर तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला, हे सांगणारा चार अंकी आकडा असतो. सायकलच्या टायरवर तो असेलच असे नाही. माळ्यावर दोन-तीन उन्हाळे काढलेला टायर नवा म्हणूनच विकला जातो आणि त्यात विकणाऱ्याची लबाडी असतेच असेही नाही, त्यालाही तारीख माहीत नसते. म्हणून टायरची कड दुमडून भेगा पाहाव्यात, नख दाबून ठसा उमटतो का आणि तो हळूहळू भरून येतो का, हे पाहावे, आणि दोन टायर शेजारी धरून तुलना करावी. घडी घातल्यामुळे कायमचा मोडलेला किंवा पांढुरका पडलेला टायर परत ठेवावा.

मऊ रबराची किंमत मोजावी लागते, हेही सांगितले पाहिजे. असा टायर लवकर झिजतो. “खूप टिकेल” म्हणून विकला जाणारा टायर बहुधा कडक रबराचा असतो. पंक्चर होऊ नये म्हणून आत जाड पट्टा असलेले टायरही काहीसे ताठ होतात आणि रस्त्याच्या उंचसखलपणाला कमी जुळवून घेतात. पावसात पंक्चर जास्त होतात हे मात्र खरे आहे, कारण पाणी काचेच्या आणि गिट्टीच्या कपच्यांना वंगणासारखे मदत करते आणि ओले रबर सहज चिरते. पट्टा पूर्ण टाळण्याऐवजी मागे पट्ट्याचा टिकाऊ टायर आणि पुढे मऊ रबराचा टायर, अशी विभागणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. मागच्या चाकावर वजन जास्त असल्याने पंक्चर बहुधा तेथेच होतात.

हवा : टणक म्हणजे चांगली नव्हे

पंक्चरच्या दुकानात हवा भरणारा अंगठ्याने दाबून पाहतो आणि टायर दगडासारखा लागला की समाधानाने पंप काढतो. सायकल हलकी चालते, म्हणून आपणही खूश होतो. परंतु टायरचा रस्त्याला टेकणारा भाग हा ढोबळ मानाने वजन भागिले दाब एवढा असतो. चालवणारा आणि सायकल मिळून ९० किलो वजन असेल, तर त्यातील सुमारे ५० किलो मागच्या चाकावर येते. दाब ५० पीएसआय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ३.५ किलो असेल, तर साधारण १४ चौरस सेंटिमीटर रबर रस्त्यावर असते. तोच दाब ७५ केला की हे क्षेत्र ९-१० वर येते. घर्षण केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही, हे शाळेत शिकलेले आहेच. पण जास्त फुगलेला टायर खडीच्या उंचसखलपणावर बसण्याऐवजी तिच्या टोकांवरून उड्या मारत जातो आणि ज्या क्षणी तो उडालेला असतो, त्या क्षणी पकड शून्य असते.

सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या माणसासाठी ३७ ते ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरला पुढे ४० ते ४५ आणि मागे ५० ते ५५ पीएसआय हा दाब पावसाळ्यात बरा असतो. ३२ मिलिमीटरच्या टायरला पुढे ५५ आणि मागे ६५ च्या जवळपास ठेवावा, तर दोन इंच रुंदीच्या जाड टायरला पुढे ३० आणि मागे ३५-३८ पुरेसा होतो. मागे कॅरिअरवर डबा, लॅपटॉपची पिशवी किंवा मूल बसत असेल, तर मागचा दाब त्या मानाने वाढवावा. टायरच्या बाजूवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. त्याला शिफारस समजून तेवढी हवा भरण्याची सवय सर्वत्र आढळते. खालची मर्यादाही पाळलीच पाहिजे, कारण पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही, आणि हवा फार कमी असली तर रिम व खड्ड्याची कड यांच्या चिमट्यात सापडून ट्यूबला जोडीने दोन भोके पडतात.

दाब मोजण्याचा पंप घरी असणे हाच यातला खरा खर्च आहे आणि तो टायरपेक्षा जास्त उपयोगाचा ठरतो. साध्या सायकलींना जो जुन्या पद्धतीचा, रबरी नळी चढवलेला वॉल्व्ह असतो, त्यावर पंपाचा काटा दाखवतो तो आकडा नेमका नसतो, कारण ती नळी उघडण्यासाठी लागणारा जास्तीचा दाबही त्यात मिसळतो. अशा सायकलीला मोटारसायकलसारखा वॉल्व्ह असलेली ट्यूब बसवता येते का ते पाहावे. बहुधा रिमचे भोक त्याला पुरते, नाहीतर ते थोडे मोठे करावे लागते.

माप चुकू नये

रुंद टायर कमी दाबावर चालतो, म्हणून शक्य तितका रुंद टायर घेणे पावसासाठी हितकारक आहे; मात्र तो सायकलीत बसला पाहिजे. येथे “अठ्ठावीसची”, “सव्वीसची” या बोलीभाषेतील मापांवर विसंबू नये. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असा जो आकडा असतो, तो आयएसओ ५७७५ या मानकाप्रमाणे असतो. त्यातला पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुनी अठ्ठावीस गुणिले दीडची साधी सायकल ६३५ च्या मापाची असते, तर गिअरच्या ७००सी सायकली ६२२ च्या. दोन्हींना अठ्ठावीसच म्हणतात, पण एकाचा टायर दुसरीला बसत नाही. सव्वीसची जाड टायरची सायकल ५५९ ची, सव्वीस गुणिले एक तीन-अष्टमांशची ५९० ची आणि साडेसत्तावीसची ५८४ ची असते. एकोणतीसची म्हणून विकली जाणारी सायकल पुन्हा ६२२ चीच असते, हे कळल्यावर बरेच जण सुखावतात, कारण तिला ७००सी चे गुळगुळीत टायर बसवता येतात. मात्र तिच्या रिमा रुंद असतात, म्हणून फार अरुंद टायर घालू नये.

सव्वीसच्या, ठोकळ्यांच्या टायरची सायकल असेल, तर ५५९ मापाचे, दीड ते पावणेदोन इंच रुंदीचे गुळगुळीत टायर मागवून घालणे हा या सगळ्या उपायांतील सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल आहे. ६३५ च्या मापात निवड फार कमी मिळते. तेथे ताजा, लवचीक टायर शोधणे आणि दाब नीट ठेवणे एवढेच हाती उरते.

नवा टायर पुढे

चांगला टायर पुढच्या चाकावर जावा. मागचा टायर झिजला की नवा टायर मागे घालण्याची पद्धत आहे. त्याऐवजी पुढचा टायर काढून मागे घालावा आणि नवा पुढे चढवावा. त्यामुळे पुढचे चाक कायम ताज्या रबरावर राहते. पुढचा टायर झिजून नव्हे, तर कडक होऊन निकामी होतो, हा प्रश्नही या अदलाबदलीने सुटतो, कारण कडक होण्यापूर्वीच तो मागे जाऊन झिजायला लागतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहावा, आणि नसेल तर त्याची काळजी करू नये.

नवा टायर चढवून लगेच भर पावसात निघू नये. साच्यातून सहज निघावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर त्यावर राहिलेला असू शकतो. साबणाच्या पाण्याने, खरखरीत ब्रशने तो घासून धुवावा आणि पहिले वीस-पंचवीस किलोमीटर कोरड्या रस्त्यावर सावकाश चालवावे. सर्व्हिसिंगनंतर टायर काळाभोर चमकत असेल, तर तो चमक आणणाऱ्या तेलकट द्रवाचा प्रताप असतो आणि तो पावसात घातक आहे. एका परिचितांची सायकल अशा सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्याच दिवशी आडवी झाली होती. टायर धुतल्यावर तक्रार उरली नाही. पावसाळ्यापूर्वी साखळीला सढळ हाताने सोडलेले तेल मागच्या रिमवर आणि टायरवर उडते, तेही याच प्रकारचे दुखणे होय. साखळीवर तेल थेंबथेंब सोडून वरचे फडक्याने पुसून घ्यावे.

हे सर्व करूनही घसरण थांबली नाही, तर पुढचे चाक हातात धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. चाकाच्या किंवा हँडलच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर वळणात चाक दिशा सोडते आणि ते टायर घसरल्यासारखेच भासते. मध्यभागी चपटा झालेला टायरही झुकताना एकदम कडेवर येतो, त्यामुळे सायकल सरकल्याचा भास होतो. असा टायर आतले धागे दिसण्याची वाट न पाहता बदलावा.

जेथे टायरचे काही चालत नाही

काही पृष्ठभागांवर कोणताही टायर मदतीला येत नाही, आणि नागपुरात त्यांची उणीव नाही. झेब्रा पट्टे व बाणांचा जाड रंग, गटारांची लोखंडी झाकणे, उड्डाणपुलांच्या सांध्यांवरील पट्ट्या, आणि सावलीत शेवाळ धरलेले गट्टू (पेव्हर ब्लॉक), या सगळ्यांवर खडीसारखा खडबडीतपणाच नसतो. सिव्हिल लाइन्ससारख्या झाडांच्या भागात जूनमध्ये रस्त्यावर पडलेली जांभळे आणि गुलमोहराच्या पाकळ्या यांचाही याच यादीत समावेश करावा लागेल. सिमेंटच्या रस्त्यांची पाठ वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने गुळगुळीत झालेली असते, परंतु त्याहून धोकादायक असते ती सिमेंटची कड आणि शेजारचे गट्टू यांच्यातील दोन-तीन बोटे उंच पायरी. तिच्यावर तिरपे चढू पाहणारे पुढचे चाक पायरीला घासत जाते आणि सायकल खालून निसटते. ती काटकोनाच्या जवळपास ओलांडावी, नाहीतर ओलांडूच नये. ओल्या रुळांनाही हेच लागू आहे.

दीर्घ उघडिपीनंतर पडणारी पहिली सर सर्वांत निसरडी असते, कारण महिनोन्महिने साचलेले तेल आणि धूळ तेव्हा पाण्यात मिसळून रस्त्यावर पसरते. तासभर दणकून पाऊस झाला की हेच रस्ते बरेच बरे होतात. म्हणून रिमझिम सुरू होताच घाईने निघण्यापेक्षा थोडे थांबणे बरे.

वळणाचा हिशेबही मनात असावा. आठ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाण्यासाठी सायकल आणि चालवणारा यांच्या एकूण वजनाच्या सुमारे ३९ टक्के एवढी बाजूची पकड लागते. वेग १५ वर आणला तर तीच गरज २२ टक्क्यांवर येते. वेग पावपटीने कमी केला की पकडीची गरज जवळजवळ अर्ध्यावर येते, आणि एवढी सवलत कोणताही महागडा टायर देऊ शकत नाही. सेमिनरी हिल्सच्या उतारावर वळण सुरू होण्याआधीच, सायकल सरळ असताना ब्रेक लावून घ्यावा आणि वळणात तो सोडून द्यावा, कारण टायरजवळ असलेली पकड थांबणे आणि वळणे यांच्यात वाटली जाते.

टायर घ्यायचे असतील तर ते मे महिन्याच्या शेवटी घ्यावेत आणि पोळा झाला म्हणून काढून ठेवू नयेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते, हे शहर विसरलेले नाही. सप्टेंबर संपेपर्यंत येथे पावसाचा भरवसा नसतो. तोवर आठवड्यातून एकदा चाक हळूहळू फिरवून टायरच्या पृष्ठभागात रुतलेल्या काचेच्या व गिट्टीच्या कपच्या सुईने किंवा बारीक पेचकसाने उकरून काढाव्यात. त्या आज पंक्चर करत नसल्या, तरी प्रत्येक फेरीबरोबर थोड्या थोड्या आत सरकत राहतात.